एमआरआयचा आकडा रेडिओथेरपीच्या प्लॅनिंगमध्ये आणताना : नव्याने रुजू झालेल्यांसाठी मार्गदर्शन

सांगली, मिरज, कराड किंवा सातारा येथील रेडिओथेरपी विभागात नव्याने रुजू झालेले फिजिसिस्ट, एमआरआयचे टेक्निशियन आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यासाठी हा लेख आहे. एमआरआयचे चित्र पाहून गाठीची सीमा आखणे आता सर्वत्र रुळले आहे. त्याच चित्रातून प्रत्येक बिंदूसाठी एक मोजमाप काढणे आणि ते उपचाराच्या आखणीत वापरणे, म्हणजेच संख्यात्मक एमआरआय, हे त्यापुढचे काम आहे आणि त्यात फसायला पुष्कळ जागा आहेत. तो आकडा किती हलतो आणि शरीरात नेमका कोठे बसतो, या दोन गोष्टी स्वतः मोजून पाहिल्याखेरीज त्यावर एक ग्रेचाही (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचे एकक) निर्णय घेऊ नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हेतूने मांडल्या आहेत.

आपल्याकडची व्यवस्था प्रथम ध्यानात घ्यावी. मोठ्या संस्थांत रेडिओथेरपी विभागाचा स्वतःचा एमआरआय असतो, काही ठिकाणी तर लिनॅकमध्येच, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्रातच, एमआरआय बसवलेला असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र सीटी सिम्युलेशन, म्हणजे उपचाराच्या आखणीसाठीचा सीटी, एका इमारतीत होते आणि एमआरआय रेडिओलॉजी विभागात किंवा गावातल्या वेगळ्या डायग्नोस्टिक सेंटरमध्ये. त्या यंत्रावर दिवसभर गुडघे आणि पाठीचे मणके यांची रांग लागलेली असते. जत किंवा आटपाडीहून एसटीने आलेल्या रुग्णाला संध्याकाळची गाडी पकडायची असते. परदेशी मार्गदर्शिका या परिस्थितीसाठी लिहिलेल्या नसतात, त्यामुळे त्यांतले काय आधी करायचे आणि काय पुढे ढकलायचे हे आपले आपणच ठरवावे लागते.

एकच आजार, एकच आकडा

सुरुवातीला सगळे करू जाऊ नये. आपल्या भागात तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांच्यामुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग भरपूर दिसतात आणि स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अजूनही मोठ्या संख्येने येतो. या दोहोंपैकी ज्याचे रुग्ण आपल्या विभागात नियमित येतात तो एक आजार निवडावा.

आकडाही एकच निवडावा आणि माझ्या मते तो एडीसी (ॲपरंट डिफ्यूजन कोएफिशंट) असावा. ऊतकातले पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने पसरतात हे एडीसी सांगतो. पेशी दाटीवाटीने वाढल्या असतील तर रेणूंना हलायला जागा कमी मिळते आणि आकडा खाली येतो. उपचाराने पेशी मरू लागल्या की तो वर चढतो. याला इंजेक्शन लागत नाही, चार-पाच मिनिटांत स्कॅन होतो आणि बहुतेक यंत्रांवर ही सोय आधीपासूनच असते. कॉन्ट्रास्ट देऊन रक्तपुरवठा मोजण्याची पद्धत मोलाची असली, तरी तिच्यासाठी गॅडोलिनियम, मूत्रपिंडाची तपासणी, रक्तवाहिनीतल्या संकेताचे अचूक मापन आणि त्यावर गणिती मॉडेल इतके सारे जुळून यावे लागते. टी-वन आणि टी-टू (ऊतकातला संकेत पूर्ववत व्हायला आणि मावळायला लागणारे वेळ) यांचे नकाशे त्या मानाने सोपे आहेत, पण त्यांवर काय निर्णय घ्यायचा याबद्दल रेडिओथेरपीत अजून एकवाक्यता नाही. हे सारे दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे.

जाता जाता सांगायचे तर, मोजमाप ही एमआरआयला मागाहून चिकटवलेली गोष्ट नाही. रेमंड डमेडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींचे टी-वन आणि टी-टू निरोगी ऊतकांपेक्षा वेगळे असल्याचे मोजून दाखवले, तेव्हा एमआरआयचे चित्र अस्तित्वातच नव्हते. प्रसरण (डिफ्यूजन, म्हणजे रेणूंचे पसरणे) मोजण्याची स्टेजस्काल आणि टॅनर यांची पद्धत तर १९६५ ची आहे.

एडीसीचे गणित एकदा तरी हाताने करून पाहावे. बी-मूल्य म्हणजे पाण्याच्या पसरण्याला स्कॅन किती संवेदनशील ठेवला आहे त्याचे माप. समजा बी-मूल्य १०० असताना एका बिंदूचा संकेत ४०० आहे आणि बी-मूल्य ८०० असताना तो २०० वर आला. संकेत निम्मा झाला, म्हणून २ चा नैसर्गिक लॉगरिदम ०.६९३ घ्यायचा आणि त्याला बी-मूल्यांतल्या फरकाने, म्हणजे ७०० ने, भागायचे. उत्तर येते ०.०००९९ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. हीच किंमत ९९० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद अशी लिहिली की बोलायला आणि नोंदवायला सोपी जाते, म्हणून पुढे तेच एकक वापरले आहे.

पहिली पायरी : बर्फाच्या पाण्याने यंत्राची परीक्षा

रुग्णाला टेबलावर घेण्याआधी यंत्र खरे बोलते का ते पाहावे. यासाठी महागडा फँटम (यंत्र तपासण्यासाठीचा तयार नमुना) नसला तरी अडत नाही. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा एडीसी ठरलेला आहे. तो सुमारे १,१०० असतो. शून्य अंशच का, याचे कारण सांगलीतला उन्हाळा पाहिला की समजते. २० अंशांना पाण्याचा एडीसी सुमारे २,००० आणि २५ अंशांना सुमारे २,३०० भरतो, म्हणजे एका अंशाच्या फरकाने आकडा दोन-तीन टक्के सरकतो. एप्रिलमध्ये नळातून आलेले पाणी आणि पावसाळ्यातले पाणी यांची तुलना करून यंत्राविषयी काहीच सांगता येणार नाही. बर्फ वितळत असेपर्यंत पाणी मात्र शून्यावरच राहते.

झाकणाची एक प्लास्टिकची बाटली साध्या पाण्याने काठोकाठ भरावी आणि आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. ती थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या खोलगट डब्यात ठेवून भोवती फोडलेला बर्फ आणि पाणी भरावे आणि निदान तासभर तसेच राहू द्यावे, कारण बाटलीच्या मध्यभागी थंडावा पोहोचायला वेळ लागतो. येथे एक धोका आहे. घरची बादली उचलून नेऊ नये. तिची लोखंडी कडी चुंबकाच्या खोलीत जीवघेणी ठरू शकते. स्टीलचा डबा, बर्फ फोडायचा टोच्या आणि धातूचे टोक असलेला थर्मामीटर ही मंडळीही दाराबाहेरच राहिली पाहिजेत.

बाटली प्रथम चुंबकाच्या मध्यावर ठेवून ठरलेला एडीसीचा स्कॅन घ्यावा. मग टेबल सरकवून बाटली डोक्याच्या दिशेने १० सेंटिमीटर आणि पायांच्या दिशेने १० सेंटिमीटर अशी ठेवून तोच स्कॅन पुन्हा घ्यावा. टेबल हलवल्यावर यंत्र बाटलीलाच नवा मध्य मानत नाही ना, एवढे मात्र पाहावे. मध्यावर १,१०० च्या आसपास आकडा मिळाला आणि कडेला तो सरकला, तर दोष पाण्यात नसून ग्रेडियंटच्या, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या, असमानतेत आहे. अशा यंत्रावर गाठ शक्य तितकी मध्यावर घेऊनच स्कॅन करायचा हा नियम तेथेच ठरतो. ही परीक्षा दर महिन्याला करावी. यंत्राची दुरुस्ती झाली किंवा सॉफ्टवेअर बदलले, तर महिना पुरा होण्याची वाट पाहू नये.

दुसरी पायरी : रुग्णाची ठेवण

रेडिओथेरपीचे टेबल सपाट असते आणि एमआरआयचे बहुधा खोलगट. खोलगट टेबलावर मान वेगळी वळते, माकडहाड वेगळे टेकते, आणि मग सीटीवरची व एमआरआयवरची गाठ जुळवताना आपण प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या ठेवणी एकमेकींवर ओढत बसतो. म्हणून एमआरआयच्या टेबलावर सपाट फळी बसवून घ्यावी. मान आणि डोक्याच्या रुग्णांसाठी सीटी आधी करावा, कारण थर्मोप्लास्टिकचा मास्क तेव्हाच तयार होतो. मग तो मास्क बरोबर घेऊन त्याच दिवशी एमआरआय करावा. मास्क ज्या बेसप्लेटवर अडकतो ती पुष्कळदा कार्बन फायबरची असते. कार्बन फायबर वीज वाहून नेते, त्यामुळे ती एमआरआयमध्ये तापू शकते आणि चित्रही बिघडवते. एमआरआयला चालणारी बेसप्लेट वेगळी घ्यावी लागते, आणि खरेदीच्या यादीत ही वस्तू नेमकी राहून जाते. मास्कसकट डोके नेहमीच्या हेड कॉइलमध्ये (डोक्याभोवती बसणाऱ्या संकेत टिपणाऱ्या साच्यात) मावत नाही. दोन्ही बाजूंनी लवचीक कॉइल लावून काम भागते.

गर्भाशयमुखाच्या रुग्णांमध्ये मूत्राशय किती भरले आहे यावर गर्भाशय जागा बदलते. लघवी करून ठरावीक पाणी प्यायल्यावर ठरावीक वेळाने सीटी घेतला असेल, तर एमआरआयलाही तोच क्रम ठेवावा. ब्रेकीथेरपीचा ॲप्लिकेटर (शरीराच्या आतून किरण देण्याचे साधन) बसवलेला असेल तर तो एमआरआयसाठी प्रमाणित आहे याची कागदावर खात्री करावी. स्टीलचा ॲप्लिकेटर चालत नाही.

मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना आणि साडीची सेफ्टी पिन काढून घेण्याचे काम घाईत उरकू नये. जोडवी वर्षानुवर्षे बोटात रुतलेली असतात आणि ती काढायला सांगणे बाईंना मनाला लागते, म्हणून हे आदल्या दिवशीच समजावून सांगितलेले बरे. मिरज हे १८९४ पासून मिशन हॉस्पिटलमुळे उपचाराचे गाव म्हणून ओळखले जाते आणि अथणी, कागवाडकडचे रुग्ण आजही येथे येतात. सूचनांचा कागद मराठीबरोबर कानडीतही असावा.

तिसरी पायरी : स्कॅन

एडीसीसाठी वापरला जाणारा जलद स्कॅन, ज्याला इकोप्लॅनर म्हणतात, तो चित्र वाकडे करतो. जेथे हवा आणि ऊतक एकमेकांना भिडतात, म्हणजे घसा, सायनस किंवा वायूने फुगलेले गुदाशय, तेथे हा वाकडेपणा काही मिलिमीटरांपर्यंत जातो. दातांत धातू भरलेला असेल तर जबड्याजवळचा भाग गेलाच म्हणून समजावे. यंत्रावर तुकड्यातुकड्याने वाचणारा किंवा लहान क्षेत्राचा प्रसरण स्कॅन उपलब्ध असेल तर तो घ्यावा. त्याच बैठकीत, त्याच ठेवणीत एक टी-टू स्कॅन घ्यावा. त्यात बँडविड्थ जास्त ठेवावी आणि यंत्रातली त्रिमितीय विरूपण-दुरुस्ती चालू ठेवावी, कारण सीमा आखायची ती त्यावर.

बी-मूल्ये कोणती? शून्य घेण्याऐवजी ५० किंवा १०० पासून सुरुवात करावी, म्हणजे केशवाहिन्यांतल्या रक्ताच्या हालचालीचा वाटा बराचसा वगळला जातो. वरचे मूल्य ८०० च्या आसपास पुरते. त्याहून वर गेल्यास संकेत गोंगाटात बुडतो आणि एडीसी खोटाच कमी दिसतो. कमी एडीसी म्हणजे आक्रमक गाठ असे मनात धरून बसलेल्या नवख्याला हा चकवा हमखास बसतो. एकदा ठरलेला प्रोटोकॉल वेगळ्या नावाने जतन करून त्याला कुलूप लावावे. रात्रपाळीच्या टेक्निशियनने वेळ वाचवण्यासाठी एखादे बी-मूल्य कमी केले, तर पुढच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

रुग्णाशी बोलणे हा स्कॅनचाच भाग आहे. घशाच्या रुग्णाला ‘गिळू नका’ एवढेच सांगितले की तोंडात लाळ साठते, जीव घाबरतो आणि नेमक्या प्रसरणाच्या स्कॅनमध्ये गिळले जाते. त्यापेक्षा असे सांगावे: ‘काका, ठकठक आवाज सुरू झाला की गिळायचं नाही. आवाज थांबला की मी सांगतो, तेव्हा खुशाल गिळा. हा शेक नाही बरं का, नुसतं मोजमाप आहे.’ शेवटचे वाक्य अनावश्यक वाटेल. पण आपल्याकडे रेडिओथेरपीला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात आणि मास्क लावून बोगद्यात घातल्यावर पुष्कळांना उपचारच सुरू झाल्यासारखे वाटते.

चौथी पायरी : आकड्यांची ने-आण

व्हॉट्सॲपवर आलेला एडीसीचा फोटो मोजमापाच्या कामाचा नाही, कारण त्यात छटा असते, आकडा नसतो. डायकॉम (वैद्यकीय चित्रे आकड्यांसकट साठवणारी) फाइलच मागावी आणि तिच्याबरोबर प्रत्येक बी-मूल्याची मूळ चित्रेही मागावीत. दुसऱ्या केंद्रातून आलेल्या सीडीवर पुष्कळदा केवळ यंत्राने तयार केलेला नकाशा असतो. मूळ चित्रे नसतील तर तो नकाशा कसा काढला हे तपासता येत नाही.

त्यातही एककांचा घोळ असतो. एकच ऊतक एका कंपनीच्या नकाशात ९९०, दुसऱ्याच्या ०.९९ आणि तिसऱ्याच्या ०.०००९९ असे दिसू शकते, आणि फाइलमध्ये दडलेला गुणक प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरने वाचला नाही तर भलताच आकडा समोर येतो. यावर सोपा उपाय असा, की बर्फाच्या बाटलीचा स्कॅन याच मार्गाने प्लॅनिंगच्या संगणकापर्यंत आणून तेथे मोजावा. यंत्रावर १,१०० आणि आपल्या पडद्यावरही १,१०० दिसले तर वाट मोकळी आहे. स्वतंत्र पडताळणीसाठी थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, मात्र ते शिकण्यासाठी आणि तपासण्यासाठी वापरावे. उपचाराचा प्लॅन विभागाच्या मान्यताप्राप्त प्रणालीतच व्हावा.

पाचवी पायरी : जुळवणी आणि आखणी

प्रथम टी-टू सीटीशी जुळवावा आणि मग प्रसरणाचा स्कॅन टी-टूशी. दुसऱ्या जुळवणीसाठी एडीसीचा नकाशा न घेता कमी बी-मूल्याचे चित्र घ्यावे. त्यात शरीररचना ओळखू येते आणि त्याचा वाकडेपणा नकाशाइतकाच असतो. जुळले की नाही हे संगणकाच्या हिरव्या खुणेवर न सोडता कण्याची नळी, जबड्याची कड आणि त्वचेची रेषा यांवर पडदा सरकवून डोळ्यांनी पाहावे.

गाठीची सीमा डॉक्टर टी-टूवर आखतात. ती सीमा एडीसीच्या नकाशावर न्यावी. नकाशाला ताणून सीटीच्या जाळीत बसवू नये, कारण ताणताना शेजारच्या बिंदूंचे आकडे एकमेकांत मिसळतात. मध्यभागी सडलेल्या गाठीत त्या भागाचा एडीसी मुळातच जास्त असतो, म्हणून घट्ट भागाची वेगळी सीमा ठेवावी. सरासरीपेक्षा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) नोंदवणे मला अधिक सुरक्षित वाटते. कडेच्या दोन-चार वेड्यावाकड्या बिंदूंनी तो फारसा बिघडत नाही.

सहावी पायरी : आकडा किती हलतो

या पायरीला वेळ द्यावा. घाईच्या विभागात सर्वांत आधी हीच गाळली जाते. उपचार सुरू होण्यापूर्वी, नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती घेऊन, काही रुग्णांचा स्कॅन दोनदा करावा : एकदा झाल्यावर रुग्णाला टेबलावरून उतरवून, थोडे बसवून, पुन्हा तीच ठेवण. यात किरणोत्सार नाही आणि इंजेक्शनही नाही, पण वेळ जातो. जास्तीच्या स्कॅनचा खर्च रुग्णाच्या माथी येणार नाही हे आधीच ठरवून घ्यावे. अशा दहा-पंधरा जोड्या तरी हव्यात.

प्रत्येक जोडीतला फरक त्या जोडीच्या सरासरीने भागावा, त्याचा वर्ग करून निम्मा करावा, सगळ्या जोड्यांची सरासरी काढावी आणि वर्गमूळ घ्यावे. येणारी टक्केवारी २.७७ ने गुणली की आपल्या विभागाची उंबरठ्याची रेषा मिळते. त्याहून कमी बदल दिसला तर तो खरा बदल आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही. समजा मूळ टक्केवारी ६ आली. ६ गुणिले २.७७ म्हणजे साधारण १७ टक्के. आता मानेतल्या एका गाठीचा आकडा उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात ९९० वरून १,१०० झाला, तर ती वाढ ११ टक्क्यांची आहे आणि तिच्यावरून गाठ प्रतिसाद देते आहे असे लिहू नये. तोच आकडा १,२५० झाला असता तर वाढ २६ टक्क्यांची ठरली असती आणि तिची दखल घ्यावी लागली असती.

अवयवागणिक हा उंबरठा फार बदलतो. २००७ साली सुरू झालेल्या क्विबा या, इमेजिंगमधल्या मोजमापांचे प्रमाणीकरण करणाऱ्या, उपक्रमाने एडीसीसाठी मेंदूत ११ टक्के, यकृतात २६ टक्के आणि प्रोस्टेटमध्ये तब्बल ४७ टक्के अशा मर्यादा मांडल्या आहेत. प्रोस्टेटमधली २०-३० टक्क्यांची वाढ दाखवून कोणी निष्कर्ष काढत असेल, तर त्यांची स्वतःची दुहेरी स्कॅनची नोंद आधी मागावी.

सातवी पायरी : प्लॅनमध्ये वापर

इतके झाल्यावर आकडा वापरायचा कोठे? पहिला वापर आखणीच्या पडताळणीसाठी करावा. टी-टूवर संशयास्पद दिसणाऱ्या लसिकाग्रंथीचा एडीसी मुख्य गाठीसारखा कमी असेल तर ती उपचारक्षेत्रात घेण्याच्या बाजूने एक पुरावा मिळतो. उलट दिशेने मात्र जाऊ नये : एडीसी जास्त दिसतो म्हणून सीटीवर किंवा तपासणीत दिसलेला भाग सीमेबाहेर काढू नये.

दुसरा वापर म्हणजे गाठीच्या ठळक भागाला जास्त मात्रा देणे. याचा भक्कम आधार प्रोस्टेटमध्ये आहे. फ्लेम या चाचणीत ५७१ रुग्ण होते; संपूर्ण प्रोस्टेटला ३५ भागांत ७७ ग्रे आणि एका गटात एमआरआयवर दिसणाऱ्या गाठीला ९५ ग्रेपर्यंत मात्रा दिली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५ वर्षांनी पीएसएच्या (प्रोस्टेटच्या रक्तचाचणीच्या) दृष्टीने आजारमुक्त राहण्याचे प्रमाण ८५ वरून ९२ टक्क्यांवर गेले. त्यातली एक गोष्ट नवख्यांच्या नजरेतून सुटते : मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मर्यादा पाळणे हे ९५ ग्रे गाठण्यापेक्षा वरचे मानले होते, आणि जास्तीची मात्रा डॉक्टरांनी आखलेल्या सीमेला दिली होती, बिंदूगणिक आकड्याला नव्हे. बिंदूगणिक मात्रा रंगवण्याचे प्रयोग मोठ्या संशोधन संस्थांना करू द्यावेत.

गर्भाशयमुखाच्या ब्रेकीथेरपीत तर एमआरआयवर लक्ष्य आखून दर वेळी प्लॅन बदलणे हीच आता स्वीकारलेली पद्धत आहे. एम्ब्रेस अभ्यासात तिच्यामुळे ५ वर्षांनी ९२ टक्के स्थानिक नियंत्रण दिसले. हे यश मात्र टी-टू चित्राचे आहे. एडीसी तेथे सोबतीला ठेवावा, निर्णय त्याच्यावर टाकू नये.

मात्रेच्या गणितासाठी सीटी लागतोच, कारण एमआरआयवरून इलेक्ट्रॉन घनता थेट मिळत नाही. एमआरआयवरून कृत्रिम सीटी तयार करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण जिल्ह्याच्या विभागाने तिकडे घाईने वळण्याचे कारण नाही. आणि लिनॅक अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली चालत असला, तरी एमआरआयमध्ये किरणोत्सार नसल्याने तो त्या चौकटीत येत नाही. त्यामुळे त्याच्या गुणवत्तेची तपासणी कोणी बाहेरचा येऊन करवून घेईल अशी अपेक्षा ठेवू नये.

यासाठी एक वेगळी वही घालावी. तिच्यात तारीख, यंत्र, सॉफ्टवेअरची आवृत्ती, बर्फाच्या पाण्याचा मध्यावरचा आणि कडेचा आकडा, रुग्णाचा केवळ संकेतक्रमांक, उपचाराचा आठवडा, घट्ट भागाचा मध्यक आणि स्कॅन घेणाऱ्याची सही असे रकाने असावेत. मधल्या आठवड्यातला स्कॅन वेगळ्या केंद्रात झाला असेल तर तो नोंदवावा, पण पहिल्या आकड्याशी त्याची वजाबाकी करू नये. रुग्ण वाळून मास्क सैल झाला असेल तर आधी नवा मास्क आणि नवा सीटी करावा, आणि त्याच दिवशी एमआरआयची वेळ मिळते का ते सेंटरला फोन करून विचारावे.